जुन्या एफएम ट्यूनरचे कंडेन्सर : सगळे बदलायचे की निवडून?

डायलदोरी

मंडळी, सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला एक जपानी ट्यूनर टेबलावर उघडून ठेवला आहे. काटा आणि दोरीचा डायल, चार गँगचा व्हेरिएबल (स्टेशन लावणारा फिरता कंडेन्सर), आयएफला (१०.७ मेगाहर्ट्झच्या मधल्या पायरीला) एचए ११३७, डावा-उजवा वेगळा करणारा स्टिरिओ डिकोडर एचए ११५६, त्यापुढे ४५५८ या ऑप-अँप आयसीची ऑडिओ पायरी. पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ, मागचा व्होल्टेज सिलेक्टर २२० वर. सर्व्हिस मॅन्युअल मिळालं आहे.

लक्षणं अशी :
हेडफोनवर दोन गाण्यांमधल्या शांततेत बारीक हम ऐकू येतो.
स्टेशन जोरात असलं तरी स्टिरिओचा दिवा मधूनच विझतो.
वरचे सूर डाव्या-उजव्या बाजूला नीट पसरतात, पण ढोलक आणि बास मधोमध गोळा होतात.
म्यूट सुटताना स्पीकरमधून ‘धप्प’ आवाज येतो.
चालू केल्यावर पहिला अर्धा तास सेंटर मीटरचा (स्टेशन नेमकं लागलं का ते दाखवणाऱ्या मीटरचा) काटा हळूहळू सरकतो.

माझं मत असं, की पन्नास वर्षांच्या उंबरठ्यावरच्या सेटमध्ये निवडत बसण्यात अर्थ नाही. सगळे इलेक्ट्रोलायटिक (आत ओलं रसायन असलेले, कालांतराने वाळणारे कंडेन्सर) काढावेत, जिथे बसेल तिथे फिल्म (प्लास्टिकच्या पातळ पट्टीचे, न वाळणारे) टाकावेत, मग अलाइनमेंट (कॉइल-प्रीसेटची फेरजुळणी) करावी. तुमचं काय म्हणणं आहे? आणि क्रम कसा लावावा?

मीटरमास्तर

सगळे इलेक्ट्रोलायटिक बदलायला हरकत नाही, पण एका बैठकीत नको. एक विभाग बदलायचा, सेट चालू करायचा, व्होल्टेज मॅन्युअलशी ताडायची आणि मगच पुढचा विभाग घ्यायचा. साठ कंडेन्सर एकदम बदलले आणि आवाज गेला, तर उलटा बसलेला एक शोधायला सगळा बोर्ड पुन्हा चाळावा लागतो.

सुरुवात पॉवर सप्लायपासून. आपल्याकडे मेन ५० हर्ट्झ, फुल वेव्ह रेक्टिफायरनंतर डीसीवर उरणारी लहर, म्हणजे रिपल, १०० हर्ट्झ. ढोबळ हिशेब : रिपल = करंट भागिले (१०० × कपॅसिटी). सेट १०० मिलिअँपिअर घेत असेल आणि मुख्य फिल्टर १००० मायक्रोफॅरडचा असेल, तर १ व्होल्ट पीक-टू-पीक रिपल येतो. रेग्युलेटर तो सहज गिळतो. तोच कंडेन्सर वाळून ३०० वर आला की रिपल ३.३ व्होल्ट होतो, दर अर्ध्या सायकलच्या तळाला रेग्युलेटरला पुरेसं व्होल्टेज उरत नाही आणि तो खड्डा थेट १३ व्होल्टच्या लाइनवर उमटतो. तुमचा हम बहुधा हाच. ऑसिलोस्कोप नसेल तर मल्टिमीटर एसी रेंजवर, लाल प्रोबच्या ओळीत ०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म लावून, रेग्युलेटरच्या आधी आणि नंतर मोजा.

१००० च्या जागी २२०० चालेल. ४७०० टाकू नका. डायोडमधून जाणारे करंटचे झटके अरुंद आणि उंच होतात, ट्रान्सफॉर्मर तापतो आणि ते झटके ग्राउंडच्या ट्रॅकवरून फिरून नवाच हम तयार करतात. झेनरवरचा (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या डायोडवरचा) ४७ किंवा १०० मायक्रोफॅरडचा विसरू नका. दिसायला किरकोळ, पण झेनरचा खरखराट तोच दाबतो.

आणि एक लक्ष्मणरेषा. फ्रंट एंडच्या (अँटेनाचा सिग्नल पहिल्यांदा घेणाऱ्या भागाच्या) डब्यातले आणि आयएफ कॉइलभोवतीचे पिकोफॅरडचे सिरॅमिक डिस्क कंडेन्सर काढायचे नाहीत. ते वाळत नाहीत. डोक्यावर काळा ठिपका म्हणजे एनपी-शून्य, तापमानाने कपॅसिटी न बदलणारा, जांभळा म्हणजे एन ७५०, म्हणजे तापमान वाढलं की त्याची कपॅसिटी ठरलेल्या प्रमाणात घटते. कॉइल तापून इंडक्टन्स वाढतो, त्याची भरपाई करायला तो मुद्दाम निवडून बसवलेला असतो. तिथे दुकानातला कुठलाही डिस्क टाकलात, तर लोकल ऑसिलेटर (स्टेशनची जागा ठरवणारा आतला ऑसिलेटर) दिवसभर सरकत राहील.

सोल्डरसखा

+१. लक्ष्मणरेषेला तर दोनदा +१.

कोकणलहर

थोडा विरोधी सूर लावतो. ट्यूनर उघडण्याआधी अँटेना बघा. स्टिरिओ ऐकताना सिग्नल कमी पडला, तर मोनोच्या तुलनेत नॉइज वीसेक डीबीने जास्त येतो. मागे लोंबणारी हातभर वायर आणि नवे कोरे कंडेन्सर, यातून काहीही साध्य होत नाही. १०० मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी दीड मीटर, तार थोडी आखूड धरून १.४३ मीटरचा डायपोल करा, शक्यतो खिडकीबाहेर, ट्रान्समीटरच्या दिशेला आडवा. ७५ ओहमच्या कोअॅक्सने आत आणा. फोल्डेड डायपोल असेल तर तो ३०० ओहमचा, त्याला ३०० च्या स्क्रूंवर जोडा किंवा मधे बालून (३०० चे ७५ ओहम करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) घाला. दिवा विझणं निम्म्या वेळा इथेच थांबतं.

डायलदोरी

कोकणलहर, गच्चीवर तीन एलिमेंटचा यागी आहे आणि सिग्नल मीटरचा काटा शेवटाला टेकतो. त्यामुळे सिग्नल कमी पडत नाही, एवढं नक्की.

कोकणलहर

मग माझी तक्रार मागे. उलट काटा शेवटाला टेकत असेल आणि शहरात ट्रान्समीटर जवळ असेल, तर १० डीबीचा अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) लावून बघा. फ्रंट एंड ओव्हरलोड झाला की एका स्टेशनची भुतं दुसऱ्या जागी उगवतात.

फेजलॉक

बास मधोमध गोळा होण्याबद्दल लिहितो, कारण रीकॅपमध्ये (जुने कंडेन्सर बदलण्यात) खरा कानाला कळणारा फायदा इथे आहे आणि याकडे फार कमी लोक बघतात.

डिटेक्टरमधून निघतो तो कंपोझिट सिग्नल. त्यात डावा अधिक उजवा ही बेरीज जशीच्या तशी, खालच्या फ्रिक्वेन्सीला. डावा वजा उजवा ही वजाबाकी मात्र ३८ किलोहर्ट्झच्या दोन बाजूंना बसवलेली. आणि १९ किलोहर्ट्झचा पायलट, म्हणजे ‘हे स्टिरिओ आहे’ अशी डिकोडरला मिळणारी खूण. आता डिटेक्टर आणि डिकोडरच्या मधे जो कपलिंग कंडेन्सर (डीसी अडवून सिग्नल पुढे देणारा) असतो, तो बासच्या बेरजेचा फेज सरकवतो. वजाबाकी ३८ किलोहर्ट्झवर असल्यामुळे तिला काहीच होत नाही. डिकोडर दोघांची बेरीज-वजाबाकी करून डावा-उजवा वेगळा करतो, तेव्हा फेज जुळत नाहीत आणि खालच्या सुरांचं सेपरेशन (डाव्या-उजव्याचा वेगळेपणा) कोसळतं.

आकडे बघा. एचए ११५६ हा एमसी १३१० च्या कुळातला, २ नंबरच्या पायावर इनपुट इंपीडन्स साधारण ५० किलोओहम. कपलिंग २.२ मायक्रोफॅरड असेल तर कटऑफ (ज्याखाली सिग्नल घटत जातो ती फ्रिक्वेन्सी) १.४५ हर्ट्झ, आणि १०० हर्ट्झला या एका कारणाने येणारी मर्यादा सुमारे ४३ डीबी. उत्तम. तोच कंडेन्सर वाळून ०.२ वर आला, की कटऑफ १६ हर्ट्झ. बास कानाला जवळपास तेवढाच वाटतो, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण १०० हर्ट्झचं सेपरेशन २२ डीबीवर येतं आणि ५० हर्ट्झला १६ वर. ढोलक मधोमध येणारच.

मधे ट्रान्झिस्टरची बफर पायरी असेल तर तिच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही कंडेन्सर धरा. सगळ्यांचे फेज एकात एक मिळतात. इथे २.२ किंवा ३.३ चा फिल्म सरळ टाका.

डिकोडर झाल्यावरच्या कपलिंगला हा नियम लागू नाही. तिथे डावा-उजवा आधीच वेगळे झालेले असतात.

वाचकमात्र

सेपरेशनचं हे गणित पहिल्यांदाच इतकं स्पष्ट कळलं. वाखु (वाचनखूण) साठवली.

सुरेलकान

फेजलॉक यांचा प्रतिसाद मस्तच. पण डिकोडरनंतर काही फरक नाही, हे पटलं नाही. आउटपुटला ४.७ चा जुना इलेक्ट्रोलायटिक काढून २.२ चा फिल्म टाकला की आवाज मोकळा होतो, तबल्याची चाट वेगळी ऐकू येते. ऑडिओच्या वाटेवर सगळीकडे फिल्मच हवेत.

मीटरमास्तर

सुरेलकान, जुना आणि नवा यांची तुलना केलीत तर फरक ऐकू येणारच, कारण जुना वाळलेला होता. प्रश्न नवा इलेक्ट्रोलायटिक विरुद्ध नवा फिल्म असा आहे. इलेक्ट्रोलायटिकचं डिस्टॉर्शन त्याच्या दोन टोकांमधल्या एसी व्होल्टेजमुळे येतं. अॅम्प्लिफायरचा इनपुट ४७ किलोओहम आणि कंडेन्सर ४.७, म्हणजे कटऑफ ०.७ हर्ट्झ. १ किलोहर्ट्झला त्याच्यावर जवळपास काहीच व्होल्टेज पडत नाही, मग डिस्टॉर्शन कुठून येणार? त्यातून एफएमचा ऑडिओ १५ किलोहर्ट्झला संपतो. एका चॅनेलला फिल्म, दुसऱ्याला नवा इलेक्ट्रोलायटिक लावा, ट्यूनर मोनोवर टाका आणि दुसऱ्या कुणाला तरी केबल बदलायला सांगून ऐका.

सुरेलकान

चाचणीची कल्पना चांगली आहे, मान्य. पण फिल्म वाळत नाही, हा मुद्दा तरी तुमच्या बाजूनेही उरतोच ना? पुन्हा तीस वर्षं झाकण उघडायला नको.

मीटरमास्तर

त्याला पूर्ण सहमत. १ ते ३.३ मायक्रोफॅरडपर्यंत डोळे मिटून फिल्म घ्या. त्यावर आकार वाढतो, पाय वाकवून उभा केलेला मोठा फिल्म ट्रान्सफॉर्मरजवळ अँटेनासारखा हम उचलतो. तिथे चांगला इलेक्ट्रोलायटिक बरा.

गल्लीबोळ

धागा आता पार्ट्सकडे वळवतो. काय घ्यायचं :

सप्लायला १०५ अंशांचे लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले), पॅनासॉनिक एफसी किंवा एफआर, निचिकॉन पीडब्ल्यू. ऑडिओ कपलिंगला निचिकॉन केझेड किंवा एल्ना सिल्मिक, दोन्ही जाडजूड असतात, आधी उंची आणि व्यास मोजा. फिल्मला विमा एमकेएस २, पायांमधलं अंतर ५ मिलिमीटर, जुन्या जपानी बोर्डाच्या भोकांत बहुतेक वेळा थेट बसतो. जुन्या सेटमधले नारिंगी स्लीव्हचे कंडेन्सर दिसले, तर ते लो-लीकेज (डीसी फार कमी गळू देणारे) असतात. त्यांच्या जागी निचिकॉन केएल किंवा फिल्मच टाका, लो-ईएसआर नको. त्या जागेला ईएसआरशी देणंघेणं नाही, लीकेजशी आहे.

व्होल्टेज एक पायरी वर चालतं, १६ च्या जागी २५. त्याहून वर नेण्यात फायदा नाही.

कुठून घ्यायचे : मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्लीत रेझिस्टर, वायर, सोल्डर, फ्यूज, सॉकेट बिनधास्त घ्या. नावाजलेल्या ब्रँडचे इलेक्ट्रोलायटिक मात्र माउसर, डिजी-की, एलिमेंट १४ अशा अधिकृत वितरकांकडून एकदम मागवा. नावाचं स्लीव्ह चढवलेला बनावट माल बाजारात फिरतो. शंका आली तर एलसीआर मीटरला १२० हर्ट्झवर कपॅसिटी, मग १०० किलोहर्ट्झवर ईएसआर मोजा आणि डेटाशीटशी ताडा. जुना साठा ‘न वापरलेला’ म्हणून कुणी देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. इलेक्ट्रोलायटिक कपाटातही म्हातारा होतो.

टँटलमचे थेंबासारखे कंडेन्सर दिसले तर तेही काढा. ते बिघडताना शॉर्ट होतात आणि सोबत रेझिस्टर घेऊन जातात. २.२ पर्यंत फिल्म बसतो.

आकाशवेल

कंडेन्सर काढताना पुढील गोष्टी सांभाळा. त्या काळातले बोर्ड कागदी फिनॉलिकचे, एकाच बाजूला तांबं. टोक ३३० ते ३५० अंशांवर, एका पायाला दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही. जुनं सोल्डर वितळत नसेल तर उष्णता वाढवण्याऐवजी थोडं नवीन ६०/४० लावा, ते मिसळलं की डिसोल्डर पंपाने ओढा. पाय बोर्डाला वाकवून चिकटवलेले असतील तर आधी ते सरळ करा, तसंच ओढलंत तर ट्रॅक उखडेल.

पोलॅरिटी छपाईवर विसंबून बसवू नका. काही बोर्डांवर रंगवलेली बाजू निगेटिव्ह असते, काहींवर अधिकचं चिन्ह, आणि छपाईत चुकाही सापडतात. जुना काढण्याआधी त्याच्यावरचं डीसी व्होल्टेज मोजून कागदावर लिहा. नवा बसवल्यावर तेवढंच आणि त्याच दिशेने आलं पाहिजे.

मोठ्या कंडेन्सरच्या बुडाशी तपकिरी, कडक झालेला गोंद दिसतोय का? तो मूळचा पिवळसर असतो. उष्णतेने तपकिरी झाला की ओलावा धरतो, थोडा करंट वाहू देतो आणि शेजारच्या रेझिस्टरचे पाय खातो. लाकडी काडीने खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काळे पडलेले पाय दिसले तर तो भागही बदला. किनारपट्टीच्या दमट हवेत राहिलेल्या सेटमध्ये हे हमखास बघा.

ओहायोकर

अमेरिकेतून असे सेट भारतात नेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मूळ पोस्टमधला सेट २२० चा आहे, त्यामुळे हे त्यांना लागू नाही, पण शोधत इथे येणाऱ्यांना उपयोगी पडेल.

एक, अमेरिकन मॉडेलला बहुतेक वेळा सिलेक्टर नसतो, फक्त १२० व्होल्ट. २३० ला लावलंत तर सेट संपला. स्टेपडाउन घ्या, ५० व्हीएचा पुरेसा.

दोन, डी-एम्फसिस, म्हणजे स्टेशनने मुद्दाम वाढवलेले वरचे सूर पुन्हा खाली आणणं. अमेरिकेत ७५ मायक्रोसेकंद, भारतात ५०. अमेरिकन सेट भारतात लावला की १० किलोहर्ट्झला ३.३ डीबीने आवाज दबतो. लोक ‘कंडेन्सर म्हातारे झाले, आवाज बोथट झाला’ असं म्हणत बसतात. काहींना मागे स्विच असतो. नसेल तर डिकोडरच्या ४ आणि ५ नंबरच्या पायांवरचा रेझिस्टर आणि कंडेन्सर बघा. ३.९ किलोओहम आणि ०.०२ मायक्रोफॅरड म्हणजे ७८ मायक्रोसेकंद. ०.०२ काढून १२ नॅनोफॅरड आणि १ नॅनोफॅरड समांतर लावा, ५०.७ येतात. दोन्ही चॅनेलचे एकमेकांशी १ टक्क्यात जुळवा, फिल्म किंवा पॉलिस्टायरिन घ्या. एक्स ७ आर सिरॅमिक इथे अजिबात नको, त्याची कपॅसिटी व्होल्टेजबरोबर हलते.

गल्लीबोळ

ओहायोकर, याला जोडून : जपानच्या देशांतर्गत बाजारातले जुने ट्यूनर १०० व्होल्टचे आणि ७६ ते ९० मेगाहर्ट्झचे. दिसतात देखणे, मिळतात स्वस्त, पण मुंबईचं १००.७ आणि १०७.१ दोन्ही पट्ट्याबाहेर. कंडेन्सर बदलून पट्टा सरकत नाही. घेण्याआधी डायलचा फोटो मागवा.

नादखुळा

ट्यूनरचे आयएफ फिल्टरही बदलून अरुंद करता येतात ना? ऐकलंय की ११० किलोहर्ट्झचे टाकले की फार भारी सिलेक्टिव्हिटी (शेजारचं स्टेशन वेगळं काढण्याची क्षमता) मिळते.

फेजलॉक

नादखुळा, भारतात त्याची गरज नाही. मुंबईत ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५ असे ०.८ मेगाहर्ट्झच्या अंतराने स्टेशन आहेत. ११० चे फिल्टर कंपोझिटच्या कडा कापतात, डिस्टॉर्शन वाढतं, सेपरेशन घटतं. २८० किंवा २३० चे मूळ फिल्टर आपल्याला वरदान आहेत. एखादा खरंच मेला असेल तर मुराता कंपनीच्या फिल्टरवरच्या ठिपक्याचा रंग जुळवा. लाल १०.७०, निळा १०.६७, नारिंगी १०.७३ मेगाहर्ट्झ. सगळे एकाच रंगाचे हवेत.

सोल्डरसखा

धाग्याचं ट्यूनिंग सरकायला लागलंय, कुणीतरी एएफसी (सरकलेलं स्टेशन आपोआप जागेवर आणणारी सोय) चालू करा. डायलदोरींचा दिवा आणि सरकणारा काटा अजून बाकी आहेत.

फेजलॉक

घेतो. दिवा आधी.

दिवा विझण्याचं पहिलं कारण कंडेन्सर नसतं, व्हीसीओ (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणारा ऑसिलेटर) सरकलेला असतो. डिकोडरमध्ये ७६ किलोहर्ट्झचा ऑसिलेटर, तो भागून १९ होतो आणि पायलटला पकडतो. वर्षानुवर्षं तो हळूहळू सरकतो आणि पकडीच्या काठावर येतो. सेट अर्धा तास तापू द्या. पायलट नसलेला सिग्नल घ्या, मोनो स्टेशन किंवा जनरेटरची कोरी कॅरिअर. १० नंबरच्या पायावर फ्रिक्वेन्सी मोजा आणि प्रीसेटने (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरने) १९.०० किलोहर्ट्झ करा. फ्रिक्वेन्सीची रेंज असलेला साधा मल्टिमीटरही एवढं मोजतो. १४ नंबरच्या पायाला प्रोब लावू नका, तिथे प्रोबच्याच कपॅसिटीने ऑसिलेटर हलतो.

काउंटर नसेल तर स्टिरिओ स्टेशन लावा, प्रीसेट एका बाजूला दिवा विझेपर्यंत फिरवा, खूण करा, दुसऱ्या बाजूला तसंच, आणि दोन खुणांच्या बरोबर मधे ठेवा.

१४ नंबरवर जो ४७० पिकोफॅरडचा पारदर्शक पॉलिस्टायरिन असतो, त्याला हात लावू नका. सोल्डरिंगच्या उष्णतेने तो वितळतो, आणि त्याच्याइतका स्थिर दुसरा सहज मिळत नाही. १२-१३ च्या मधला लूप फिल्टर आणि ८-९ चा पायलट फिल्टर इलेक्ट्रोलायटिक असतील, तर मात्र फिल्म टाका. या पायांच्या जोड्यांमधे डीसी जवळपास शून्य असतं, इलेक्ट्रोलायटिकला ठाम दिशा मिळत नाही आणि तो लवकर बिघडतो.

मीटरमास्तर

आता काटा. आधी ठरवा, सरकतं कोण? एएफसी बंद करा किंवा मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे निष्क्रिय करा. तरीही स्टेशनच सरकत असेल आणि आवाज फाटत असेल, तर फ्रंट एंड. स्टेशन जागेवर, आवाज स्वच्छ, फक्त काटा सरकतोय, तर मीटर-एएफसीच्या लाइनवरचा कंडेन्सर.

दुसऱ्या प्रकाराची गंमत अशी आहे, की एचए ११३७ चा ७ नंबरचा पाय व्होल्टेज देत नाही, करंट देतो. त्या लाइनवर ग्राउंडला जाणारा इलेक्ट्रोलायटिक गळका असेल तर तो करंट वाटेतच खातो. ४७ किलोओहमच्या लाइनवर फक्त ३ मायक्रोअँपिअर गळती म्हणजे १४० मिलिव्होल्ट. आणि बराच काळ बंद राहिलेला इलेक्ट्रोलायटिक चालू केल्यावर सुरुवातीला जास्त गळतो, मग ऑक्साइडचा थर पुन्हा धरतो तशी गळती कमी होत जाते. म्हणून पहिला अर्धा तास काटा सरकतो. लोक काटा मधे आणायला डिटेक्टरची कॉइल फिरवतात आणि कंडेन्सरची चूक कॉइलमध्ये कायमची भरून ठेवतात. डिस्टॉर्शन वाढतं, कारण कळत नाही. या जागी केएल किंवा फिल्म, आणि कॉइलला त्यानंतरच हात.

पहिला प्रकार असेल तर व्हेरिएबलच्या दांड्यावर दाबून बसलेल्या पितळी पट्ट्या बघा. रोटरला ग्राउंड त्यांच्यातूनच मिळतं. त्यावर काळपट थर आला की डायल फिरवताना खरखर होते आणि स्टेशन झटक्याने उडी मारतं. टूथपिकच्या टोकाने कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक-एक थेंब प्रत्येक पट्टीखाली सोडा आणि डायल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा. पात्यांवर स्प्रे मारू नका, राहिलेला थर कपॅसिटी बदलतो.

आकाशवेल

आयएफ कॉइलच्या धातूच्या डब्यांबद्दल एक भर. कॉइलचा गाभा फिरवूनही सिग्नलचं शिखर सापडत नसेल किंवा बोटाने टिचकी मारली की कडकड होत असेल, तर डब्याच्या तळाशी बसवलेला नळीसारखा छोटा कंडेन्सर बघा. त्यावरची चांदी काळी पडलेली असते. टोकदार चिमट्याने तो फोडून काढा, तुकडे पूर्ण झटका आणि बोर्डाच्या खालून त्याच दोन पायांवर एनपी-शून्य लावा. किंमत मॅन्युअलमध्ये नसेल, तर गाभा मधोमध ठेवून १०.७ ला शिखर येईल ती निवडा. १०० पिकोफॅरडला २.२ मायक्रोहेन्री लागतात, त्यावरून अंदाज बांधा.

सुरेलकान

४५५८ च्या जागी एनई ५५३२ किंवा एलएम ४५६२ टाकावा का?

मीटरमास्तर

आधी सप्लाय बघा. ४५५८ साधारण साडेतीन मिलिअँपिअर घेतो, ५५३२ आठ, ४५६२ दहा. सप्लायच्या वाटेत ४७० ओहमचा रेझिस्टर असेल तर साडेतीनवर १.६ व्होल्ट पडतात, दहावर ४.७. रेझिस्टर कमी करावा लागेल आणि आयसीच्या पायांजवळच सप्लाय स्थिर ठेवणारा ०.१ चा डिकपलिंग कंडेन्सर लावावा लागेल, नाहीतर वेगवान आयसी ऑसिलेट होतो. एफएमचा नॉइज डिकोडरच्या आधीच ठरलेला असतो, त्यामुळे मी या सेटमध्ये ४५५८ ठेवायच्या बाजूचा.

गल्लीबोळ

सुरक्षेचं कुणी लिहिलं नाही अजून. पॉवर स्विचवर समांतर एक छोटा ०.०१ चा कंडेन्सर असतो, ठिणगी दाबायला. त्या जागी फक्त २७५ व्होल्ट एसी छाप असलेला एक्स २ वर्गाचा. मेनच्या तारेतून चॅसिसला जाणारा असेल तर वाय २. ‘६०० व्होल्ट’ लिहिलेला साधा फिल्म तिथे चालत नाही, तो बिघडताना आग धरू शकतो किंवा चॅसिसला करंट आणू शकतो. आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीजमध्ये ४० वॉटचा तारेचा बल्ब लावा, एलईडी नको. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, तसाच पेटत राहिला तर लगेच बंद.

डायलदोरी

सर्वांचे आभार. ‘सगळे एकदम’ हे मत बदललं, विभागवार गेलो. आकडे असे :

मुख्य फिल्टर १००० चा ३८० भरला, रेग्युलेटरनंतरचा १०० हर्ट्झचा रिपल ९ मिलिव्होल्ट होता, आता मीटरवर दिसत नाही. हम गेला. डिकोडरआधीचा २.२ चा कंडेन्सर ०.३५ निघाला, फिल्म टाकल्यावर ढोलक डावीकडचा डावीकडे बसतो, फरक कुणालाही सहज कळेल इतका. १० नंबरवर १९.४२ किलोहर्ट्झ होते, १९.०० केले, दिवा स्थिर. काट्याच्या लाइनवर नारिंगी १० मायक्रोफॅरडचा होता, केएल लावला, काटा चालू करताच मधे येतो. कॉइलला हात लावलेला नाही.

उरली ती म्यूटची धप्प. ऑडिओचे सगळे कपलिंग नवे आहेत, तरी कमी झाली नाही. शिवाय डाव्या बाजूला अधूनमधून बारीक चरचर येते, म्यूट केल्यावरही.

फेजलॉक

सुंदर काम. म्यूट केल्यावरही चरचर येते, म्हणजे ती म्यूटच्या पुढच्या पायरीत आहे, रेडिओच्या भागात नाही. डाव्या चॅनेलच्या शेवटच्या पायरीत २एससी ४५८ ट्रान्झिस्टर आहेत का बघा. पायांवर काळपटपणा आला असेल तर बहुधा तोच. केएससी १८४५ बसतो, पण बसवण्याआधी पायांचा क्रम आणि मूळचा गेन गट तपासा. दोन्ही चॅनेलचे एकदम बदला.

मीटरमास्तर

धप्पसाठी : सेट म्यूटमध्ये ठेवा आणि म्यूट ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर डीसी मोजा. तिथे शून्य हवं. काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त असेल, तर म्यूट सुटताना तेवढीच उडी आउटपुटला जाते. नव्या कपलिंगनंतर ग्राउंडला जाणारा रेझिस्टर, साधारण १०० किलोओहमचा, उघडा पडलाय का किंवा त्याचं सोल्डर सुटलंय का ते आधी बघा. तो नसेल तर त्या कंडेन्सरच्या मागच्या बाजूला चार्ज जायला वाट राहत नाही. तो ठीक असेल, तर म्यूटच्या कंट्रोल लाइनवरचा ४.७ किंवा १० चा टाइमिंग कंडेन्सर मोजा. त्याची कपॅसिटी गेली असेल तर म्यूट हळुवार सुटण्याऐवजी झटक्याने सुटतं. तो ऑडिओच्या वाटेवर नसल्यामुळे रीकॅपच्या यादीतून नेमका सुटतो.

डायलदोरी

टाइमिंगचाच. १० लिहिलंय, मीटरवर ०.८. यादीत खरंच नव्हता. नवा टाकल्यावर म्यूट आवाज न करता सुटतं. शेवटच्या पायरीत ४५८ आहेत, पाय काळे आहेत. १८४५ मागवतो.